इमारतींचे जीवनचक्र-मूल्यमापन

इमारतीसाठी लागणारा कच्चा माल जमिनीतून काढल्यापासून ती इमारत पाडून तिच्या मलब्याची विल्हेवाट लावेपर्यंत तिच्यामुळे पर्यावरणावर पडणाऱ्या भाराची मोजदाद करण्याच्या पद्धतीस इमारतीचे जीवनचक्र-मूल्यमापन असे म्हणतात. पाणी, जमीन, हवेतील धूर व धूळ यांवरील परिणामही या पद्धतीने मोजता येतात. तथापि हवामानबदलाचा प्रश्न तीव्र झाल्यापासून तिचा उपयोग मुख्यत्वे कार्बन डाय-ऑक्साइड व तत्सम वायूंच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडण्यासाठी होतो. जगातील ऊर्जेशी व औद्योगिक प्रक्रियांशी निगडित असलेल्या कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनापैकी सु. ३७% भाग इमारतींचा वापर व बांधकाम यांच्याकडे जातो. त्यापैकी दिवे, पंखे, वातानुकूलन, स्वयंपाक इत्यादींमुळे होणाऱ्या भागास वापरातील उत्सर्जन, तर माल तयार करणे, तो वाहून आणणे, बांधणे, दुरुस्ती करणे व पाडणे यांमुळे होणाऱ्या भागास अंतर्भूत उत्सर्जन म्हणतात.

हिशेबाची रीत वरवर पाहता सोपी आहे. अंदाजपत्रकातील प्रत्येक मालाचे परिमाण घ्यावयाचे, त्यास त्या मालाच्या एककामागील उत्सर्जनाच्या आकड्याने (उत्सर्जन-गुणकाने) गुणावयाचे आणि बेरीज करावयाची. परिमाणे अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकात असतात व ती बहुधा विश्वसनीय असतात. अडचण असते ती गुणकांची. ते कोणत्या देशातील, कोणत्या काळातील व कोणत्या भट्टीवरचे आहेत, यावर उत्तर अवलंबून असते. चुकीच्या गुणकांवर आधारलेले उत्तर दशांश चिन्हापुढे कितीही अंकांपर्यंत मांडले, तरी ते चुकीचेच राहते. म्हणून इमारतींचे उत्सर्जन कमी करण्याच्या प्रयत्नांत मूळ आधारसामग्री सुधारणे हे एक महत्त्वाचे काम मानले जाते. हे काम नेमके कशाचे असते, ते रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते; कारण वीट, जांभ्याचा चिरा, मंगळुरी कौल, सिमेंट, धातुमळी व पोलाद हे सर्व पदार्थ तेथे एकमेकांशेजारी आढळतात आणि खारी हवा त्या सर्वांचीच कसोटी पाहते.

संकल्पनेचा विकास : १९६९ मध्ये अमेरिकेतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने कोका-कोला कंपनीसाठी पेयांच्या निरनिराळ्या बाटल्यांचा व डब्यांचा तौलनिक अभ्यास केला, तो या पद्धतीचा आरंभ समजतात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वस्तूंमधील अंतर्भूत ऊर्जा मोजण्याकडे लक्ष वळले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १४०४० क्रमांकाचे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ते २००६ मध्ये सुधारण्यात आले. इमारतींसाठी यूरोपात २०११ मध्ये झालेल्या मानकाने जीवनचक्राचे टप्पे ठरवून दिले : मालाचे उत्पादन, वाहतूक व उभारणी, वापर व दुरुस्ती, आणि शेवट. डेन्मार्कने २०२३ पासून १,००० चौ. मी.पेक्षा मोठ्या नव्या इमारतींवर दर चौ. मी.मागे वर्षाला १२ किग्रॅ. अशी उत्सर्जनमर्यादा घातली. फ्रान्सने २०२२ पासून तशाच प्रकारचे नियम लागू केले. अशा देशांत मालाचे गुणक राष्ट्रीय आधारसामग्रीतून घ्यावयाचे असतात, त्यामुळे त्या आधारसामग्रीला कायद्याचे वजन प्राप्त झाले आहे.

भारतात बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील बी. व्ही. वेंकटराम रेड्डी व के. एस. जगदीश यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली अंतर्भूत ऊर्जेची कोष्टके दीर्घकाळ आधारभूत मानली गेली. आंतरराष्ट्रीय वित्त निगमाने २०१७ मध्ये भारतीय बांधकामसाहित्याची अंतर्भूत ऊर्जा व तापनक्षमता यांची सूची तयार केली. याशिवाय इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाची सूची व स्वित्झर्लंडमधील इकोइन्व्हेंट हा संग्रह यांचाही भारतात सर्रास उपयोग करतात. २००३ च्या कोष्टकातील सिमेंटचा आकडा या संदर्भात बोधप्रद आहे. त्या वेळी ओल्या प्रक्रियेच्या कारखान्यांत किलोमागे ७·५ मेगॅजूल, तर कोरड्या प्रक्रियेच्या कारखान्यांत ४·२ मेगॅजूल ऊर्जा लागे; दोन्ही प्रकारचे कारखाने देशात असल्याने त्यांची सरासरी ५·८५ मेगॅजूल धरण्यात आली. त्या काळी हे योग्यच होते. पुढे ओली प्रक्रिया भारतातून जवळजवळ नाहीशी झाली. पण ५·८५ हा आकडा प्रबंधांतून व अहवालांतून तसाच फिरत राहिला. एकाही भट्टीचा नसलेला आकडा सर्व भट्ट्यांना लावला गेला, तो असा. दोष कोष्टक करणाऱ्यांचा नाही. त्यांनी आकड्याची घडण उघड सांगितली होती. ती न वाचता आकडा उचलणाऱ्यांचा आहे.

किनारपट्टीवरील साहित्य : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या काळ्या पाषाणाने बनलेला आहे. सिमेंटला लागणारा चुनखडक येथे नाही. पूर्वी चुना समुद्रातील शिंपले भाजून करीत. दक्षिणेकडे श्रीवर्धन, म्हसळा या भागांत जांभा खडक आढळतो. भाताच्या खाचरातील मातीपासून पावसाळ्यानंतर विटा पाडून त्या उघड्या भट्टीत भाजण्याचा धंदा जिल्ह्यात बराच चालतो. कौले मंगळुरी, बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर ती गलबतांतून कोकणच्या बंदरांत येऊ लागली. अशा रीतीने जुन्या घरातील बहुतेक जड माल एकतर गावच्या पंचक्रोशीतला असे किंवा जलमार्गाने आलेला असे. लोखंडी सळया व सिमेंट यांचे युग आल्यावर हे चित्र पालटले. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू (अटल सेतू) १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला आणि नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. उरण, पनवेल, पेण व अलिबाग या तालुक्यांतील बांधकामाला त्यामुळे जोर आला. येत्या काही वर्षांत तेथे जे बांधले जाईल, त्यातील अंतर्भूत उत्सर्जन एकदाच व बांधकामाच्या वेळीच होऊन जाईल. नंतर ते परत घेता येणार नाही.

सिमेंट व धातुमळी : चुनखडक तापविला म्हणजे त्याच्या वजनाचा ४४% भाग कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने निघून जातो. हे उत्सर्जन इंधनाचे नव्हे, तर दगडाचेच होय. इंधन कितीही स्वच्छ वापरले, तरी ते टळत नाही. यामुळे १ टन क्लिंकरमागे सु. अर्धा टन वायू केवळ रासायनिक क्रियेने बाहेर पडतो. म्हणून क्लिंकरचे प्रमाण घटविणे हाच मोठा उपाय ठरतो. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५% उडती राख आणि धातुमळी सिमेंटमध्ये २५ ते ७०% धातुमळी मिसळता येते. [⟶ सिमेंट].

रायगडच्या किनाऱ्यावर हा उपाय हाताशी आहे. पेण तालुक्यात धरमतर खाडीकाठी डोलवी येथे मोठा पोलाद कारखाना आहे व त्याच्या झोतभट्टीतील मळी दळून सिमेंटमध्ये वापरली जाते. मात्र आधारसामग्रीचा एक अवघड प्रश्न येथेच उद्‌भवतो. झोतभट्टीतून लोखंड व मळी ही दोन्ही एकाच वेळी निघतात. मग भट्टीच्या उत्सर्जनापैकी मळीच्या नावावर किती लिहावयाचे? उदाहरणादाखल १ टन लोखंडामागे १·८ टन कार्बन डाय-ऑक्साइड व ०·३५ टन मळी निघते, असे धरू. वजनाच्या प्रमाणात वाटणी केल्यास १ टन मळीच्या वाट्याला सु. १·३३ टन येतात, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटपेक्षाही (सु. ०·८ ते ०·९ टन) अधिक. मळी हा निव्वळ टाकाऊ पदार्थ मानला, तर तिच्या वाट्याला फक्त दळण्याची व वाहतुकीची वीज आणि इंधन येते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. किमतीच्या प्रमाणात वाटणी केल्यास उत्तर या दोहोंमध्ये, पण शून्याच्या बरेच जवळ येते. वस्तू एक, भट्टी एक, परंतु आकडे तीन. यूरोपीय मानकाने किमतीची वाटणी पसंत केली आहे व ती अधिक ग्राह्य दिसते. कारण कोणीही झोतभट्टी मळीसाठी चालवीत नाही. कोणती रीत अवलंबिली, हे न सांगता दिलेला धातुमळी सिमेंटचा गुणक मात्र निरुपयोगी समजावा.

वाहतुकीचेही असेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील कारखान्यांतून किनाऱ्यापर्यंत सिमेंट येण्यास सु. ८०० किमी. प्रवास घडतो. उलट गुजरातमधील कोडिनारजवळच्या कारखान्यातील सुटे सिमेंट जहाजाने पनवेलच्या साठवण-केंद्रात आणण्याची पद्धत १९९० च्या दशकात सुरू झाली. टनामागे व किलोमीटरमागे जहाजाचे उत्सर्जन ट्रकच्या मानाने कित्येक पटींनी कमी असते. दोन्ही पोत्यांवरील भारतीय मानकाचा क्रमांक एकच असला, तरी त्यांचा कार्बनचा हिशेब एक नसतो.

वीट व चिरा : विटेविषयीची आधारसामग्री सर्वांत कच्ची आहे. वेंकटराम रेड्डी व जगदीश यांनी भाजलेल्या एका विटेमागे ४·२५ मेगॅजूल ऊर्जा धरली आहे. बाथच्या सूचीत विटेच्या किलोमागे ०·२४ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड दिला आहे. त्यांपैकी दुसरा आकडा ब्रिटनमधील यांत्रिक भट्ट्यांचा आहे. कोकणातील उघड्या भट्टीत कोळसा, लाकूड व भाताचे तूस जे मिळेल त्या प्रमाणात वापरतात. बाहेरच्या थरांतील विटा कच्च्या राहतात, आतल्या काही वितळून वाया जातात. तुसातील कार्बन पुढील पिकाबरोबर पुन्हा शोषला जातो, म्हणून तो हिशेबात धरीत नाहीत. कोळशाचा पूर्ण धरावा लागतो. आणि लाकडाचा धरावा की नाही, हे तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढते की नाही यावर अवलंबून असते. शेजारशेजारच्या दोन भट्ट्यांतील विटांचे गुणक यामुळे दुपटीनेही भिन्न असू शकतात. भट्टीमालकाच्या वहीत लाख विटांमागे किती टन कोळसा आला व किती विटा फुटल्या, याची नोंद बहुधा असते. कारण त्यावरच त्याचा नफा ठरतो. ती नोंद हीच आधारसामग्री होय. ती अद्याप कोणत्याही सूचीपर्यंत पोहोचलेली नाही, एवढेच. या भट्ट्यांवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या स्थितीचा विचार कार्बनच्या गुणकात येत नाही, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे.

जांभ्याचा चिरा भाजावा लागत नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो व हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो. [⟶ जांभा]. पूर्वी तो हाताने काढीत, म्हणून त्याची अंतर्भूत ऊर्जा शून्याजवळ धरण्याची प्रथा पडली. आता तो यंत्राच्या करवतीने कापतात आणि ट्रकने दूरवर नेतात. तेव्हा शून्य हा गुणक टिकत नाही. तरीही तुलना करून पाहता येते. १ घ. मी. चिऱ्याचे वजन सु. २ टन असते. तो रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातून अलिबागेस १५० किमी. वाहून आणला व टन-किलोमीटरमागे ०·१ किग्रॅ. उत्सर्जन धरले, तर ते ३० किग्रॅ. होते, ट्रक रिकामा परत जातो असे मानल्यास ६० किग्रॅ. १ घ. मी. विटांचे (सु. १·७ टन) उत्सर्जन बाथच्या गुणकाने सु. ४०० किग्रॅ. येते. विटेचा गुणक निम्म्यावर आणला, तरी चिरा सरसच ठरतो. यावरून आधारसामग्री कोठे सुधारावी, याचा एक नियम निघतो : दोन पर्यायांत एवढे अंतर असेल, तर ढोबळ आकडाही निर्णयास पुरतो. वीट, पोकळ काँक्रीटचे ठोकळे व वजनाने हलके वायुयुक्त ठोकळे यांची उत्तरे एकमेकांना चिकटून येतात, तेथे मात्र स्थानिक मोजणीवाचून निवड करणे हा जुगार ठरतो. (चिऱ्याच्या खाणींनी सड्यांवरील वनस्पती व पाणी यांची जी हानी होते, ती या हिशेबाबाहेरची आहे, तिचा विचार वेगळा करावा लागतो.)

आयुर्मान : जीवनचक्राच्या हिशेबात एकूण उत्सर्जनाला इमारतीच्या आयुष्याच्या वर्षांनी भागतात. हा भाजक बहुधा पन्नास किंवा साठ वर्षे असा ठरीव घेतात. समजा, सळईच्या काँक्रीटच्या एका इमारतीचे अंतर्भूत उत्सर्जन दर चौ. मी.मागे ४०० किग्रॅ. आहे. ती साठ वर्षे टिकल्यास वार्षिक भार ६·७ किग्रॅ. पडतो, तीस वर्षांतच पाडावी लागली, तर १३·३ किग्रॅ. मालाच्या गुणकांवर कितीही मेहनत घेतली, तरी एवढा फरक त्यांतून क्वचितच पडतो.

खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमधून झिरपून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने किनारी वातावरणास तीव्र व सागरतुषारांच्या माऱ्यास अतितीव्र वर्गात घातले असून सळईवरील काँक्रीटचे आच्छादन अनुक्रमे किमान ४५ व ५० मिमी. आणि १ घ. मी. काँक्रीटमधील सिमेंट किमान ३२० व ३४० किग्रॅ. असावे, असे सांगितले आहे. सिमेंट वाढले म्हणजे आरंभीचे उत्सर्जन वाढते. पण आयुष्यही वाढते. धातुमळी सिमेंट क्लोराइडास अधिक विरोध करते, म्हणून ते येथे दोन्ही बाजूंनी उपयुक्त ठरते. आधारसामग्रीतील खरी उणीव आहे ती किनाऱ्यावरील काँक्रीटच्या इमारती प्रत्यक्षात किती वर्षे टिकतात, पहिली मोठी दुरुस्ती केव्हा लागते व तीत किती माल जातो, या नोंदींची. शाळा, आरोग्यकेंद्रे, ग्रामपंचायतींच्या इमारती यांच्या दुरुस्तीची देयके सरकारी दप्तरांत असतात. त्यांतून हे आयुर्मान काढता येण्यासारखे आहे.

जुन्या बांधकामांचे आयुष्य डोळ्यांसमोर आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटातील मोठे दगड चुन्यावाचून रचलेले आहेत आणि लाटांचे पाणी त्यांच्या फटींतून जिरते. मुरूडजवळच्या पद्मदुर्गाच्या तटात ठिकठिकाणी दगड समुद्राने झिजून खोल गेला आहे, तर सांध्यातील चुना शाबूत राहून कंगोऱ्यासारखा पुढे आला आहे. चुना घट्ट होताना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषतो. म्हणजे भट्टीत दगडातून गेलेला वायू बराचसा परत घेतो. काँक्रीटही असा वायू सावकाश शोषते, पण तेथे त्याच क्रियेने सळईचे संरक्षण नाहीसे होते. त्यामुळे शोषणाची वजावट करणाऱ्याने सळईच्या गंजण्याचाही हिशेब त्याच पानावर मांडला पाहिजे.

दुरुस्ती व बदलीच्या टप्प्याची आधारसामग्री कशी अपुरी पडते, ते ३ जून २०२० रोजी दिसून आले. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस ताशी ११०–१२० किमी. वेगाच्या वाऱ्यांसह किनारा ओलांडून आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग भागांतील घरांची कौले व पत्रे उडाले आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर छपरे नव्याने घालावी लागली. ठरीव कोष्टकात पत्र्याच्या छपराचे आयुष्य काही दशकांचे धरलेले असते. कौलांच्या छपराचे फुटलेले तेवढे कौल बदलता येते व वासे पुन्हा वापरता येतात. उडून चुरगळलेला पत्रा भंगारात जातो. बांधलेला पत्रा व सुटे कौल यांपैकी वादळात कोण किती टिकले, याची घरागणिक नोंद पंचनाम्यांत झाली. अशी कागदपत्रे मदतवाटपाबरोबर मिटून जातात. त्यांचे आयुर्मानाच्या कोष्टकांत रूपांतर होत नाही.

वापरातील उत्सर्जन : विजेचा गुणक केंद्रीय विद्युत् प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते व तो अलीकडे युनिटमागे सु. ०·७ किग्रॅ. आहे, या बाबतीत आधारसामग्री चांगली आहे. मात्र सौर व पवन विजेचा वाटा वाढत असल्याने आजचा गुणक पन्नास वर्षांना लावला, तर वापरातील उत्सर्जन फुगते व अंतर्भूत भाग लहान दिसतो. किनाऱ्यावरील शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांच्या बाबतीत हा दोष आणखी वाढतो. नेहमी राहत्या घराचा वीजवापर त्यांना लावणे चूक असते. त्यांच्या उत्सर्जनाचा बहुतांश भाग भिंती, स्लॅब व सळया यांतच असतो आणि दर माणशी, दर रात्री तो काढल्यास फार मोठा येतो.

सुधारणेचे मार्ग : आकड्याची गुणवत्ता तपासण्यासाठी १९९६ मध्ये वाइडेमा व वेस्नेस यांनी पाच कसोट्या सुचविल्या : विश्वसनीयता, पूर्णता, काळ, स्थळ व तंत्र यांच्याशी असलेली जवळीक. उत्पादकाने आपल्या मालाचे मोजलेले व तटस्थ परीक्षकाने तपासलेले गुणक जाहीर करणे, ही पद्धत मोठ्या सिमेंट व पोलाद कारखान्यांना साधते. लहान वीटभट्टीला तपासणीचा खर्च परवडत नाही. तिच्यासाठी तालुक्यातील काही भट्ट्यांची एका हंगामाची इंधनमोजणी करून सरासरीबरोबर कमाल व किमान आकडेही देणे व्यवहार्य ठरते.

महाराष्ट्रात या कामासाठी एक तयार चौकट आहे, ती सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीची. तीत विटकाम, काँक्रीट, गिलावा अशा प्रत्येक बाबीचे एकक ठरलेले असते आणि अंदाजपत्रकासोबत वाळू, खडी, विटा, सिमेंट किती अंतरावरून येणार याचा तक्ता जोडावा लागतो. वाहतुकीच्या उत्सर्जनासाठी लागणारे अंतर त्या तक्त्यात आयतेच मिळते. दराच्या रकान्याशेजारी उत्सर्जनाचा रकाना घातल्यास कनिष्ठ अभियंत्याला नवी मोजमापे घ्यावी लागणार नाहीत. गुणक कोणत्या वर्षाचा व कोठला, हे मात्र त्या रकान्यात नोंदवावे लागेल, आणि दराप्रमाणे तोही ठराविक काळाने बदलावा लागेल.

जीवनचक्राच्या शेवटच्या टप्प्याची मोजणी सर्वांत कमी झाली आहे. जुने घर उतरविताना चिरे, सागवानी वासे, दारे व धड कौले विकली जातात आणि शेजारच्या गावातील जोत्यावर किंवा गोठ्यावर पुन्हा चढतात. सळईच्या काँक्रीटमधून सळई काढून भंगाराच्या भट्टीला जाते. उरलेला मलबा भरावाला टाकतात. पुन्हा वापरलेल्या चिऱ्याचे उत्सर्जन पहिल्या घराच्या खात्यात राहते की दुसऱ्याच्या, याविषयी मानकांत नियम आहेत. एका घरातून किती चिरे धड निघतात याचा आकडा मात्र जुने घर उतरवून घेणाऱ्या ठेकेदारालाच ठाऊक असतो.